लकव्याचा सातवा आठवडा, वय ७२: पाय चालतोय, हात नाही. सुधारणा थांबली का?

प्रश्न (सांजवात)
इस्केमिक स्ट्रोक (मेंदूचा रक्तपुरवठा अडून आलेला झटका), शरीराची उजवी बाजू. सुरुवातीला हात-पाय दोन्ही लुळे. आता काठी धरून घरात चालणं होतं. खांदा जरा उचलतो, पण बोटं मिटलेली आणि दिवसेंदिवस घट्ट. चौथ्या आठवड्यापर्यंत दर दोन दिवसांनी काहीतरी नवीन जमायचं, गेले पंधरा दिवस जैसे थे. "तीन महिन्यांत व्हायचं ते होतं" हे कितपत खरं? वयाचा अडसर असतो का? सध्या स्पंजचा बॉल दाबायला देतोय.

न्यूरोफिजिओ
आधी बॉल बंद करा. बोटं मिटणारे स्नायू आधीच जास्त ओढ घेत आहेत, त्यांनाच व्यायाम कशाला? सराव उघडण्याचा हवा: मनगट टेबलाच्या कडेवर, तळवा खाली, दुसऱ्या हाताने मनगट वर धरून बोटं सरळ करायचा प्रयत्न. हालचाल दिसली नाही तरी प्रयत्न मोजा.

तीन महिन्यांचा आकडा हवेतला नाही. कोपनहेगन स्ट्रोक स्टडीत (१९९५) ९५ टक्के रुग्णांची रोजच्या कामातली सर्वोत्तम पातळी साधारण साडेबारा आठवड्यांत आली. सौम्य झटक्यात साडेआठ, अतितीव्र झटक्यात २० आठवडे. पण तिथली मोजपट्टी खाणं, आंघोळ, चालणं अशा कामांची. कामं डाव्या हाताने जमली तरी गुण मिळतात, त्यामुळे बोटांचं काय झालं ते त्यातून कळत नाही. शिवाय तो सरासरी वेग आहे, त्याला मुदत समजू नये.

वयाबद्दल त्याच अभ्यासात गंमत दिसली: मेंदूची सुधारणा म्हाताऱ्या माणसांतही फार मागे नव्हती, मागे होती ती रोजची कामं. उरलेल्या ताकदीवर काम भागवायच्या युक्त्या वृद्धांना आपोआप सुचत नाहीत, शिकवाव्या लागतात.

घरगुती_थेरपी
त्या युक्त्यांचंच लिहितो. सदरा घालताना आधी उजवी बाही, काढताना उजवी शेवटी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. काठी डाव्या हातात, मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर. ताटाखाली ओला पंचा ठेवला तर ताट सरकत नाही.

खुर्चीतून उठण्याचा सराव रोज: पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पायाच्या बोटांपुढे जाईल इतकं वाकून उठायचं. आधी सीट उंच ठेवा (दोन उशा चालतील, पण घसरणाऱ्या नकोत), जमेल तसं खाली आणा. काखेत हात घालून उठवू नका. लुळ्या खांद्याचा सांधा त्यानेच निसटतो.

न्यूरोफिजिओ
पंधरा दिवस अडकल्याचं कारणही शोधा. बहुतेकदा मेंदू थकलेला नसतो. खांदा दुखतो म्हणून हात वापरणं सुटतं, झोपेची गोळी वाढलेली असते, किंवा नैराश्य असतं. झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला ते येतं आणि घरी त्याला "आळस" म्हणतात. घट्टपणा सराव अडवत असेल तर बोटुलिनम टॉक्सिनबद्दल (घट्ट स्नायू सैल करणारं इंजेक्शन) डॉक्टरांना विचारा. असर सुमारे तीन महिने टिकतो, त्या काळात सराव झाला नाही तर इंजेक्शन वाया.

मात्र आलेली ताकद हळूहळू *जायला* लागली, तर लघवीचा संसर्ग, ताप, रक्तातलं सोडियम तपासून घ्या. आणि अचानक गेली, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर तपासण्यांत वेळ घालवू नका. नवा झटका समजून, लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून थेट रुग्णालय गाठा.

सांजवात
बॉल काढला. दाराला डोक्यावरची पुली लावलीय, चांगल्या हाताने ओढून अधू हात वर न्यायला. ती ठेवू ना?

घरगुती_थेरपी
तीही काढा. खांद्याचं पातं साथ देत नसताना दंड जबरदस्तीने वर गेला की मधले स्नायू चिमटतात आणि खांदा दुखायला लागतो. त्याऐवजी टेबलावर टॉवेल, त्यावर दोन्ही हात एकमेकांत गुंफून पुढे सरकवा, दहा-दहा वेळा, दुखलं की तिथेच थांबा.