रविवारी आलेली सुट्टी बुडू द्यावी की भरून द्यावी?

दिनदर्शी
देशांच्या सुट्ट्यांची तुलना निघाली की सगळे आकडे मोजतात: इंग्लंडमध्ये ८, जपानमध्ये १६, कोलंबियात १८. सुट्टी रविवारी आली तर पुढे काय, हे पाहिल्याशिवाय तो आकडा फसवा आहे. जर्मनीत ३ ऑक्टोबरचा एकीकरण दिन २०२१ मध्ये रविवारी आला, सुट्टी बुडाली. २०२२ मध्ये १ मे आणि २५ डिसेंबर दोन्ही रविवारी, तिथेही तेच. बुडालेल्या दिवसाऐवजी कामाच्या दिवशी बदली सुट्टी कायद्यानेच मिळायला हवी.

तारीखवादी
अजिबात पटत नाही. दिवस पाळायचा तो तारखेसाठी. अमेरिकेने १९६८ चा कायदा करून १९७१ पासून काही सुट्ट्या सोमवारी नेल्या. ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे (माजी सैनिकांचा दिवस) ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी गेला. पहिले महायुद्ध थांबल्याची ती तारीख लोकांनी सोडली नाही, शेवटी १९७८ पासून ती परत आणावी लागली.

दिनदर्शी
तुम्ही सांगताय ते सुट्टी सरकवण्याबद्दल. बदली सुट्टीत मूळ तारीख जागची हलत नाही, फक्त कामाचा एक दिवस सुटतो. जपानमध्ये १९७३ पासून हेच आहे, पण फक्त रविवारसाठी. शनिवारी आलेली सुट्टी तिथे बुडते. अमेरिकेत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना शनिवारची सुट्टी आदल्या शुक्रवारी मिळते. खासगी कंपनीवर मात्र पगारी सुट्टी देण्याचे केंद्रीय कायद्याचे बंधन नाही.

हजेरीपट
पगारपत्रक करणाऱ्यांनो, ‘रविवार असेल तर सोमवार’ एवढेच सूत्र घालू नका. ब्रिटनमध्ये २५ डिसेंबर २०२२ रविवारी होता. सोमवार २६ ही स्वतःच सुट्टी, म्हणून नाताळची बदली मंगळवारी २७ ला गेली. आधी ठरलेल्या सुट्ट्या मांडा, मग पुढचा मोकळा कामाचा दिवस शोधा. चीनमध्ये तर सलग सुट्टी जुळवण्यासाठी काही शनिवार-रविवार कामाचे ठरतात. शनिवार-रविवार कायम सुट्टीचे धरले की हजेरी चुकलीच. सरकारचा वार्षिक आदेश येईपर्यंत तिथले पुढचे वर्ष भरू नका.

तारीखवादी
हा सगळा गुंता बदलीच्या हट्टातून येतो. शिवाय भार सोमवारवर पडतो. जपानमध्ये सोमवारचे तास भरत नाहीत म्हणून कित्येक विद्यापीठे सुट्टीच्या सोमवारीही वर्ग घेतात.

दिनदर्शी
तिथे चार सुट्ट्या कायमच्या सोमवारी नेल्या आहेत, भार मुख्यतः त्यांचा. बदली सुट्टी अधूनमधूनच येते, आणि तीही कधी मंगळवारी, वर ब्रिटनचे उदाहरण आहेच.