एल२९८ भंगारात टाकायचा म्हणे?

म्हापसा_सर्किट: काल इथे एकाने लिहिलं, दिवाळीच्या पहाटे जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्यातल्या मोटरीला एल२९८ (मोटर चालवणारी जुनी ड्रायव्हर चिप) लावणारे अजून जुन्या काळात राहतात, तो भंगारात टाका नि सरळ टीएमसी२२०९ हा नवा ड्रायव्हर घ्या. वाचून डोकंच सणकलं. वाड्यावरच्या पोरांना मी त्याच चिपवर शिकवलंय. कुठली कॉइल कधी चालू-बंद केली की शाफ्ट १.८ अंश सरकतो, हे त्यांना स्वतः लिहावं लागतं. २२०९ला स्टेप (किती पावलं) नि डिरेक्शन (कुठल्या दिशेने) दिलं की मोटर फिरते, मग आत काय चाललंय ते पोराला कळणार कधी?

वेर्णा_मेंटेनन्स: शिकवा हो दादा, पण मोटर कुठली? नेमा १७ मापाची १.७ अँपिअरवाली स्टेपर असेल तर कॉइल १.६५ ओहमच्या आसपास, १२ व्होल्ट सरळ दिले तर कागदावर ७ अँपिअरच्या वर जातं. एल२९८ एका ब्रिजला, म्हणजे एका कॉइलला, २ अँपिअरचा, आणि करंट स्वतः अडवत नाही, म्हणून तर जोडीला करंट आवरणारी एल२९७ चिप असायची! वर १ अँपिअरलाच दोनेक व्होल्ट तोच खातो, हीटसिंकला हात लावून बघा. त्यापेक्षा ए४९८८ ड्रायव्हर घ्या, त्यावरचा छोटा पॉट फिरवून व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) सेट केला की करंट तिथेच थांबतो.

म्हापसा_सर्किट: माझी मोटर ३० ओहमची होती रे, तिला काही होत नाही. एल२९७चं लिहायचं राहिलं, ते मान्य. पण तुझा ए४९८८ गेल्या वर्षी पहाटे २ वाजता गेला. कृष्णाचं फिरतं चक्र अडकलं म्हणून पोराने सप्लाय चालू असतानाच मोटरचा कनेक्टर ओढला, टप्प आवाज, चिपवर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा.

फोंड्याची_बाय: पहाटे जाळायचाच तर नरकासुराला मोटरी कशाला? आम्ही लहान असताना गवत कोंबून कागद चिकटवायचे, झालं. आता रस्ताभर डीजे. माझी आई आजारी, तिला घेऊन निघालो तर गाडी तासभर अडकली, कुणी बाजूला व्हायला तयार नाही.

डिचोली_वाडा: बाय, डीजेचा राग मोटरीवर काढू नका. जाळायच्या आधी आम्ही मोटर, बोर्ड सगळं काढून घेतो. आमच्यातला एक दहावी नापास, कृष्णाचं चक्र फिरवता फिरवता शिकला, आज कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला आहे.

फोंड्याची_बाय: तो कामाला लागला ते चांगलंच झालं, म्हणून रस्ता अडवायचा का? चवथीला गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधतो, तिच्याखाली फिरता देखावा करा, मी स्वतः फुलं लावून देईन. तिथे तो बिनआवाजाचा २२०९ लावा, आरती तरी ऐकू येईल.

वेर्णा_मेंटेनन्स: हळू फिरताना तो खरंच शांत असतो. वेग वाढवून लोड टाकलात तर त्या शांत मोडमध्ये स्टेप सोडू शकतो. आणि दादा, चालू सप्लायवर कनेक्टर ओढला तर कुठलाही ड्रायव्हर जाऊ शकतो, त्यात ए४९८८चा काय दोष? व्हीमोटजवळ (मोटरच्या सप्लायच्या पिनजवळ) १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता का? वायर लांब असली की सप्लाय जोडताना व्होल्टेज उडी मारतं, ३५ व्होल्टची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

म्हापसा_सर्किट: कपॅसिटर नव्हता. बरं, चक्राला ए४९८८ लावतो, कपॅसिटरसकट. शिकवणार मात्र एल२९८वरच, आणि ज्याने भंगार म्हटलं त्याने एकदा वाड्यावर येऊन पोरांचा कोड बघावा.

फोंड्याची_बाय: डीजे किती वाजता बंद होणार, ते अजून कुणी सांगितलं नाही.