जुनी बाईक, फ्रान्सचा हायवे आणि ती पावती

गाडीच्या वयाची अट नसलेलं ब्रेकडाउन कव्हर (वाटेत गाडी बंद पडली तर मदत देणारी पॉलिसी) मिळालं की जुनी बाईक घेऊन इंग्लंडहून युरोपात बिनधास्त निघा, असा सल्ला एकाने दिलाय. अटीचं पटलं, पण पॉलिसीत आणखी एक ओळ शोधाच: गाडी घरी परत आणायचा खर्च बहुतेकदा तिच्या बाजारभावापुरताच देतात. जुन्या बाईकचा भाव तो केवढा!

आणि फ्रान्सच्या टोल हायवेवर आपल्या कव्हरवाल्या कंपनीचा माणूस येऊच शकत नाही. माझ्या १९८६च्या बाईकची क्लच केबल (हँडलवरच्या लिव्हरपासून क्लचपर्यंत जाणारी तार) रीम्स शहराच्या अलीकडे ऐन लिव्हरपाशी तुटली, तेव्हा हे कळलं. कडेच्या नारिंगी फोनवरून बोलवायचं, सरकारमान्य टोईंगवालाच येतो. पैसे मी तिथेच भरले. परतावा नंतर त्या पावतीवर मिळाला, म्हणून ती जिवापाड जपा. आता दुसरी केबल मी टाकीखालून जुनीला समांतर ओवूनच ठेवतो.