मलेरियाचा परजीवी की विषाणू: पीएच.डी.साठी काय निवडावे?

मृण्मयी, इंदूर

नमस्कार. मी खंडवा रोडवरच्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मलेरियाचा परजीवी आणि डेंग्यूचा विषाणू या दोन्ही विषयांकडे माझा ओढा आहे. झाबुआ-अलीराजपूरकडचे तापाचे रुग्ण लहानपणापासून पाहिले असल्यामुळे मलेरिया जवळचा वाटतो. परंतु घरच्यांचे म्हणणे असे, की मलेरिया आता संपत आला आहे आणि कोविडनंतर खरे काम विषाणूंवरच होणार. एकदा विषय घेतला की जन्मभर त्यातच राहावे लागते का?

रामबागकर

मृण्मयी, मी इंदूरचीच. पीएच.डी. दिल्लीत फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीवर केली आणि आता डेंग्यूवर काम करते, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे निःशंकपणे देता येते. मात्र दोन्हीकडचा दिनक्रम अगदी वेगळा आहे आणि निवड करताना तोच आधी समजून घ्यावा, असे माझे मत आहे.

फाल्सिपेरम प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो तो ट्रेगर आणि जेन्सन या संशोधकांनी 1976 साली बसवलेल्या पद्धतीमुळे. माणसाच्या तांबड्या पेशी, 37 अंश तापमान आणि कमी प्राणवायू एवढे त्याला लागते; हा प्राणवायू कमी करण्यासाठी त्यांनी बंद भांड्यात चक्क मेणबत्ती पेटवली होती. साधारण 48 तासांत परजीवी पेशी फोडून बाहेर पडतो आणि नव्या पेशींत शिरतो. रोज मीडियम, म्हणजे पेशींचे पोषक द्रव, बदलायचे, थेंबभर रक्ताची स्लाइड करून जिम्सा रंग द्यायचा आणि परजीवीची निळसर कडी व तिच्यावरचा तांबडा ठिपका शोधत पेशी मोजायच्या, हे काम रविवारी आणि दिवाळीतही चुकत नाही, कारण हयगय झाली की कल्चर, म्हणजे वाढवत ठेवलेले परजीवी, मान टाकते. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीची तर अशी सतत वाढ अजून कोणाला साधलेली नाही. त्याला कोवळ्या तांबड्या पेशीच लागत असल्याने बहुतेक काम रुग्णाच्या ताज्या रक्तावरच अवलंबून राहते.

डेंग्यूचा विषाणू पेशींच्या थरावर टाकून ठेवला, की काही दिवसांनी रंग देऊन मेलेल्या पेशींच्या जागी पडलेले डाग मोजता येतात. त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण आनुवंशिक मजकूर, सुमारे 11,000 अक्षरांचा आणि त्यातून होणारी प्रथिने दहा. फाल्सिपेरमचा 2002 साली वाचलेला जीनोम सुमारे 2.3 कोटी अक्षरांचा असून त्यात पाच हजारांहून अधिक जनुके आहेत. त्यांतली 60च्या आसपास केवळ तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन बदलत राहून आपल्या प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी आहेत. विषाणूच्या कामात उत्तर लवकर हाती येते. परजीवीच्या कामात एकेका जनुकावर वर्षे जातात, पण त्या वर्षांत पेशीशास्त्र पक्के होते. डेंग्यूकडे वळल्यावर मला त्याच शिदोरीचा उपयोग झाला.

निवृत्त तंत्रज्ञ, इंदूर

मलेरिया संपत आला, हे वाक्य आमच्या पिढीने एकदा ऐकलेले आहे. 1953 साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. 1965पर्यंत नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास आले आणि 1976 साली तेच 64 लाखांवर गेले. डासांनी डीडीटी या कीटकनाशकाला दाद देणे सोडले होते आणि गावोगावची देखरेखही सैल पडली होती. घरच्यांना हे आकडे अवश्य दाखवावेत. आज रुग्ण पुष्कळ कमी झाले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आजार विरळ होतो तेव्हा परजीवी ओळखणारे डोळेही विरळ होतात, ही माझी खरी काळजी आहे.

दोन्ही क्षेत्रांत वावरलेल्या माणसाचे उदाहरण हवे असेल, तर टी. रामचंद्र राव यांचे घ्यावे. मुंबई प्रांतात मलेरियाच्या डासांवर काम केलेले हे कीटकशास्त्रज्ञ पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले. याच केंद्राने 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागल्यावर गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधला होता. वाहक कीटक जाणणाऱ्या माणसाला परजीवी आणि विषाणू यांच्यामधली भिंत फारशी आडवी येत नाही.

मृण्मयी, इंदूर

ताई, काका, मनापासून आभार. मुलाखतीला गेल्यावर प्रयोगशाळेची पारख कशी करावी?

रामबागकर

मार्गदर्शकांच्या आधी तिथल्या विद्यार्थ्यांशी बोल. सुट्टीच्या दिवशी कल्चर कोण पाहते, विषाणूचे काम कोणत्या जैवसुरक्षा पातळीच्या खोलीत चालते आणि रुग्णांचे नमुने नेमके कोणत्या रुग्णालयातून येतात, हे विचार. नमुन्यांसाठी नैतिक समितीची परवानगी आधीच मिळालेली आहे का, हे तर विचारल्याशिवाय उठूच नकोस. ती नसेल तर पहिले वर्ष कागदपत्रांतच जाते. आणि नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनवृत्ती आधी मिळव. दरमहा 37,000 रुपयांची स्वतःची शिष्यवृत्ती असली, की मार्गदर्शकांच्या प्रकल्पातल्या निधीकडे डोळे लावून बसावे लागत नाही आणि विषय निवडताना आपला शब्दही ऐकला जातो.