अडीचशे की साडेचारशे? (मोटोक्रॉस, स्वतःच्या पैशानं)

मुरूमगडी
वय ३४, वजन ८२ किलो, मुक्काम सातारा. सहा वर्षं टीव्हीएस अपाचे आरटीआर २०० ला लांब सस्पेन्शन लावून गावोगावच्या डर्ट रेस खेळलो. आता खरी मोटोक्रॉस गाडी, म्हणजे मातीच्या, उड्या-खड्ड्यांच्या ट्रॅकवर रेस खेळायची गाडी, घ्यायचीय. पुण्यात दोन वापरलेल्या गाड्या बघून ठेवल्यात, एक कावासाकी केएक्स२५० आणि एक केएक्स४५० (आकडा सीसीचा). किमतीत फरक चाळीस हजारांचा. नव्या घेतानाही २०२२ च्या सुमारास कावासाकीची २५० होती ७.९९ लाखांना आणि ४५० होती ८.५९ लाखांना. म्हणजे साठ हजार जास्त टाकले की जवळपास दुप्पट इंजिन. वजनात फरक दोन-तीन किलोंचा. मग २५० कोण येडा घेतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा. बायकोचं म्हणणं दोन्ही नको, ते मतमोजणीत धरू नये.

जुनाकार्ब
मी घेतो, मी येडा. अरे, ते दोन-तीन किलो तराजूवरचे. भोवरा जोरात फिरत असताना बोटानं आडवा ढकलून बघितलायस का कधी? ऐकत नाही तो. ४५० चा पिस्टन मोठा, आत फिरणारा क्रँक जड, त्यामुळे वळणात गाडी आडवी पाडायला गेलास की अगदी तसाच हट्ट करते. शिवाय थ्रॉटल सोडला की इंजिन ब्रेक मारल्यासारखं ओढतं, पुढचं चाक खड्ड्यात घुसतं. एकदा ठीक आहे. वीस मिनिटं प्रत्येक वळणात तेच करायचं म्हणजे दंड भरून येतात.

फुल्लटाईट
आले २५० चे कीर्तनकार. सुरुवातीचं गेट पडल्यावर पहिल्या वळणापर्यंत काय होतं, त्याबद्दल एक अक्षर नाही! ८२ किलोंचा गडी २५० वर बसला तर सुरुवातीलाच दोन गाड्या मागे. मग पुढच्यांच्या चाकाखालचा मुरूम तोंडावर घेत बसायचं, गॉगल पुसत. होलशॉट मिळाला, म्हणजे पहिल्या वळणात सगळ्यांच्या पुढे निघालास, की अर्धी रेस खिशात.

दुसरं. वळणातून निघाल्या निघाल्या टेबलटॉप (वरून सपाट असलेला उडीचा उंचवटा) असेल तर २५० ला नेमका गिअर आणि नेमके आरपीएम लागतात. क्लच जरा चुकला की गाडी बसते आणि तू टेबलाच्या मधोमध आदळतोस. ४५० तिसऱ्यात टाक, नुसती मूठ पिळ, पार. चूक पोटात घालणारी गाडी कोणती, सांगा आता. आणि ताकद जास्तच वाटली तर इग्निशनचा मवाळ मॅप, म्हणजे ताकद हळू सोडणारं सेटिंग, टाकायचा. यामाहाची तर फोनच्या ॲपवरून होते ही कामं.

जुनाकार्ब
४५० क्लचची चूक पोटात घालते, मान्य. मुठीची घालत नाही. खड्ड्यात हात हिसकला आणि मूठ नकळत पिळली गेली, तर २५० ओरडते. ४५० तुला मागे टाकून एकटीच पुढे जाते.

नियमवाली
कुठल्या क्लासमध्ये उतरणार, हे आधी कुणी विचारणार आहे का? २०२४ च्या जानेवारीत पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला सुपरक्रॉस (स्टेडियममधलं मोटोक्रॉस) लीगची पहिली फेरी झाली. मी स्टँडमध्ये होते. ४५० वर परदेशी रायडर, २५० मध्ये एक क्लास परदेशी आणि एक भारत-आशिया मिळून, शिवाय ८५ सीसीवर पोरं. आपली माणसं २५० वर. ४५० घेतलीस तर ओपन क्लासमध्ये जाशील, तिथे पोटापाण्यासाठी गाडी चालवणारे भेटतील.

फुल्लटाईट
ताई, तो ३४ वर्षांचा आहे. त्याला लीगमध्ये कोण घेतंय? आणि २५० हा मुळात पोरांचा क्लास. जागतिक स्पर्धेत एमएक्स२ ला, म्हणजे २५० च्या क्लासला, वय २३ च्या पुढे गेलं की प्रवेशच नाही. अमेरिकेत तिशी ओलांडलेले हौशी रायडर ४५० का घेतात? सारखी पिळत बसावी लागत नाही म्हणून.

वाळूतला_मराठी
आइंडहोवनहून लिहितोय. शनिवारी सीमा ओलांडून बेल्जियममधल्या लोमेलला जातो, अर्ध्या तासाचा रस्ता. ट्रॅक म्हणजे नुसती खोल वाळू. दुपारपर्यंत एवढे खड्डे पडतात, की गाडी होडीसारखी हिंदकळते. तिथे माझी २५० कायम शेवटच्या श्वासावर, आणि ४५० वाले एक गिअर वर टाकून वरच्यावर तरंगत जातात. पण तेच लोक आठवड्याला तीन दिवस सायकल मारतात. मी आठवड्याला पाच दिवस खुर्चीत. गेल्या वर्षी मित्राची ४५० घेऊन उतरलो, चौथ्या फेरीत बाजूला घेतली आणि झाडाखाली आडवा झालो. तुमच्याकडचा मुरूम कडक, पकड मिळेल तिथे मिळेल, नाही तर नुसता भुगा. तिथे जास्तीची ताकद मागच्या चाकातून धूळ होऊन उडून जाणार.

कैरोलीभक्त२२२
इटलीचा मोटोक्रॉस रायडर अंतोनियो कैरोली. २०१० ते २०१४, सलग पाच विश्वविजेतेपदं, केटीएमच्या ३५० वर, समोर बहुतेक सगळे ४५० घेऊन. आणि २००७ ला बड्स क्रीकच्या मोटोक्रॉस ऑफ नेशन्समध्ये (देशादेशांच्या संघांची स्पर्धा, २५० आणि ४५० एकत्र धावतात) अमेरिकेच्या रायन व्हिलोपोटोनं २५० वरून आपल्या दोन्ही रेस जिंकल्या, सगळ्या ४५० वाल्यांना मागे टाकून. सीसी मोजणाऱ्यांनी त्या रेस जरूर बघाव्यात.

फुल्लटाईट
मग २०१५ मध्ये कैरोलीनं ४५० का घेतली? आणि व्हिलोपोटो हे कसलं उदाहरण? त्यानं बैलगाडीवर पण होलशॉट घेतला असता.

जुनाकार्ब
सचिन जड बॅट वापरायचा. आमच्या गल्लीतल्या चौघांनी जड बॅटी आणल्या, दोघांची मनगटं सुजली. मोठ्यांची उदाहरणं दोन्ही बाजूंनी बंद करूया.

एक जुनी गोष्ट मात्र सांगतो, ४५० हा आकडा आला कुठून. पूर्वी मोठा क्लास म्हणजे २५० टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक त्यासमोर मार खायची, म्हणून नियमानं तिला जास्त सीसीची सूट होती. १९९७ ला लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये अमेरिकेच्या डग हेन्रीनं यामाहाची ४०० फोर-स्ट्रोक पहिली आणली आणि पुढच्या वर्षी वायझेड४००एफ दुकानात आली. इंजिनं सुधारत गेली, सूट तशीच राहिली, टू-स्ट्रोक बाजूला पडली. म्हणजे ४५० ही सवलतीतून वाढलेली गाडी आहे, हौशी माणसाला किती पुरेल हे मोजून कुणी काढलेली नाही. मला विचाराल तर ३५० हेच खरं उत्तर, पण वापरलेली शोधायला गेलात तर चपला झिजतील.

अवरमीटर
मी गॅरेजवाला, मला दोन्ही सारख्याच प्रिय, दोन्ही माझं घर चालवतात. या इंजिनाचं आयुष्य किलोमीटरवर नसतं, तासांवर असतं. २५० रेसमध्ये तेरा-चौदा हजारांवर किंचाळत असते, ती पिस्टन लवकर मागते. ४५० हौशी माणसाकडे निम्म्या मुठीवर चालते, म्हणून जास्त तास टिकते. पण फुटली की बिल मोठं.

वापरलेली घेताना मीटरवर जाऊ नका, ते बदलता येतं. एअर फिल्टर काढा आणि आतल्या रबरी नळीत पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडक्यावर माती आली तर इंजिननं माती खाल्लीय. व्हॉल्व, रिंगा, सिलिंडर सगळं घासलेलं असणार. अशी गाडी फुकट दिली तरी सोडून या.

मुरूमगडी
रविवारी दोन्ही चालवून आलो, मालक ओळखीचेच. मित्राचा पोरगा घड्याळ घेऊन उभा होता.

४५० वर पहिल्या तीन फेऱ्या मी राजा होतो. पहिलीच फेरी २५० वरच्या माझ्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा तीन सेकंदांनी कमी. चौथीपासून हँडल मला चालवायला लागलं. सहावी फेरी २५० वरच्या त्याच वेळेपेक्षा नऊ सेकंदांनी जास्त. सातवीत क्लचवरची बोटं उघडेनात, बाजूला घेतली. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्या घड्याळवाल्या पोरानं उघडून दिलं. वय वर्षं नऊ.

२५० वर बारा फेऱ्या काढल्या. पहिली आणि दहावी जवळपास सारखी. टेबलटॉपवर दोनदा कमी पडलो, फुल्लटाईट म्हणाला तसाच, कंबर अजून बोलतेय.

फुल्लटाईट
आपल्याकडच्या लोकल रेस किती फेऱ्यांच्या असतात रे? पाच, सहा? मग सातव्या फेरीचं रडगाणं कशाला? ४५० घे आणि व्यायाम कर.

जुनाकार्ब
चौथीपासून हँडल त्याला चालवत होतं, हे वाचलं नाहीस वाटतं.

मुरूमगडी
थांबा, पुढचं ऐका. अवरमीटर भाऊंनी सांगितलं तसं २५० च्या नळीत फडकं फिरवलं. लालभडक निघालं. ४५० चं फडकं पांढरंच्या पांढरं. तिचा मालक म्हणतो, ‘जमतच नव्हती, म्हणून फारशी चालवलीच नाही.’

तर २५० घ्यायची, पण ही नाही. कुणाच्या बघण्यात असेल तर सांगा. कोल्हापूर, नाशिक कुठेही चालेल. फडकं माझं मी घेऊन येईन.