माडाखालची लवंग: शेंडे वाळतात, पानं करपतात. बुरशी की पाणी?

वाशिष्ठीकाठ
नारळाची जुनी बाग आहे, माडांत २५ फूट अंतर. चार माडांच्या मधोमध लवंगेची १२ रोपं लावून तिसरं वर्ष, पण उंची अडीच-तीन फुटांवर अडकली आहे. मार्चपासून शेंडे वाळतात, पश्चिम बाजूच्या पानांवर तांबूस चट्टे पडून कडा करपतात. दोन रोपांनी मात्र भर ऑगस्टात, पानं हिरवी असतानाच माना टाकल्या. पाणी माडाच्या पाटानंच, आठवड्यातून एकदा आळं भरून. जूनमध्ये १५:१५:१५ खत मूठभर. बुरशीनाशक मारावं का? आणि बी आणून घरी रोपं करायची तर कशी?

पोफळबाग
हे एक दुखणं नाही, दोन आहेत. औषधाचा पंप तूर्त बाजूला ठेवा.

लवंग मूळची मालुकू बेटांवरची, तेर्नाते-तिदोरेच्या पावसाळी रानातली. तिथे पाऊस बारा महिने विखरून पडतो. आपल्याकडे चार महिने धो-धो आणि आठ महिने कोरडं. म्हणजे पावसाळ्यात तिची मुळं गुदमरतात, उन्हाळ्यात शेंडा जळतो.

मार्चमधलं करपणं उन्हाचं. माड उंच झाले की डोक्यावर सावली असते, पण दुपारी तीननंतरचं ऊन झावळ्यांखालून तिरपं आत येतं. म्हणूनच चट्टे फक्त पश्चिमेला. रोपापासून चार फुटांवर पश्चिम अंगाला केळीचे दोन मुनवे (बुंध्याशी फुटलेली पिल्लं) लावा. केळ वाढेपर्यंत त्या बाजूला झापं (विणलेल्या झावळ्या) उभी करा, डोक्यावर नकोत. वरून पूर्ण झाकलं तर रोप किडकिडीत होतं.

ऑगस्टात गेलेल्या रोपांचा बुंधा नखानं खरवडून बघा. साल आतून तपकिरी असेल आणि मुळाची साल मोज्यासारखी निघून येत असेल, तर पाणी साचून मूळ कुजलंय.

वाशिष्ठीकाठ
खरवडलं. तपकिरी, वासही येतो. दोन्ही रोपं पाटाच्या उताराच्या टोकाला होती, बुंध्याशी खळगा आहे.

पोफळबाग
मग ठरलंच. माडाचं आळं खोलगट लागतं, लवंगेचं उलटं: बुंध्याशी वीतभर उंच मातीचा उंचवटा आणि पाणी त्याच्या कडेनं. पाट तिच्यापासून तोडा. शक्य असेल तर ठिबकचे ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर बुंध्यापासून दीड फुटावर ठेवून एक दिवसाआड तासभर चालवा. आठवड्याचं पाणी एकदम दिलं तर पहिले दोन दिवस चिखल, पुढचे पाच दिवस कोरडं. नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी घालून आच्छादन करा, फक्त बुंध्याला टेकवू नका.

कातळमाती
खताचंही बघा. १५:१५:१५ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश हे तिन्ही घटक सारखे, पण लवंगेला पालाश जास्त लागतं. लागवडीच्या वर्षी दर रोपाला नत्र २०, स्फुरद १८, पालाश ५० ग्रॅम अशी शिफारस आहे. म्हणजे युरिया ४३, सिंगल सुपर फॉस्फेट ११२, म्युरेट ऑफ पोटॅश ८३ ग्रॅम. पुढे दरवर्षी वाढवत पंधराव्या वर्षी ३००:२५०:७५० ग्रॅम. मात्रा निम्मी जूनच्या तोंडावर, निम्मी पाऊस सरताना. मूठभर खत बुंध्याशी टाकलं की कोवळी मुळं भाजतात.

वाळका शेंडा हिरव्या लाकडात बोटभर आत कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर.

वाशिष्ठीकाठ
मग बोर्डो फवारायचंच नाही?

कातळमाती
पावसाआधी एकदा मारा, १ टक्का. पानांवरचे ठिपके आणि फांदीमर (फांदी शेंड्याकडून वाळत येणं) यांना आळा बसतो. मोरचूद १०० ग्रॅम ५ लिटरमध्ये, चुना १०० ग्रॅम वेगळ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. दोन्ही एकत्र केल्यावर कोयत्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाला. तसंच मारलं तर कोवळी पालवी जळते, आणि लवंगेची कळी नव्या पालवीवरच येते.

मसालारोप
बियांबद्दल. दुकानातली लवंग म्हणजे वाळलेली कळी, ती रुजत नाही (दरवर्षी कुणीतरी पेरतंच). पूर्ण पिकलेली जांभळट फळं लागतात, आणि तीही ताजी. बी वाळलं की संपलं, आठवड्याभरात उगवण बसते. पोस्टानं मागवलेलं बी न उगवण्याचं कारण बहुधा हेच. फळं रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी साल चोळून काढा आणि लगेच पेरा. सावलीत वाळू-मातीचा वाफा, बी आडवं, २ सेंमी खोल. दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसू लागतात, काही बिया चाळीस दिवसही घेतात. तोवर वाफा उकरून बघू नका. सहा महिन्यांनी पिशवीत, दीड-दोन वर्षांनी जमिनीत. मेलेल्या दोन जागांसाठी नर्सरीतून दोन वर्षांचं रोप आणलेलं बरं.

पोफळबाग
एक राहिलं. बुंध्याशी भुशाचं जाळीदार लोंबतं दिसलं तर ती खोडअळी. जाळी काढून भोक साफ करा, तार घालून अळी बाहेर ओढा आणि भोवतीचं गवत काढून टाका. ही तपासणी उरलेल्या दहा रोपांची आजच करा.