घरावर सोलर बसवणं परवडतं का? तुमचे अनुभव लिहा

घरावर सोलर बसवायचं आमच्या मनात आहे. काही विक्रेत्यांकडून अंदाज घेतले, पण पैसे किती वर्षांत वसूल होतील याचा प्रत्येकाचा आकडा वेगळा. ज्यांनी बसवलंय त्यांनी लिहाच, पण विचार करून नको म्हटलेल्यांनीही लिहा. हिशेब कसा मांडलात ते सविस्तर सांगितलंत तर फार मदत होईल.

*

आधी वर्षभराची बिलं समोर घेऊन बसा. चांगलं ऊन असलेल्या ठिकाणी 1 किलोवॉटमागे रोज सरासरी 4 युनिटच्या आसपास वीज तयार होते, पण त्यातली बहुतेक भर दुपारी. आम्ही दोघंही दिवसा घराबाहेर, त्यामुळे निम्म्याहून जास्त वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांत, जाणार होती. म्हणजे मुख्य प्रश्न हा, की त्या युनिटचं आपल्याला काय मिळतं? नेट मीटरिंगमध्ये दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटांतून सरळ वजा होतं. नेट बिलिंग असेल तर दिलेल्या युनिटाला वेगळा दर लागतो आणि तो सहसा खरेदीच्या दराहून बराच कमी असतो. विक्रेत्याच्या कागदावर मात्र तयार होणारं प्रत्येक युनिट खरेदीच्याच दराने गुणलेलं होतं! मी दोन रकाने केले: घरात वापरली जाणारी वीज खरेदीच्या दराने, ग्रिडला जाणारी विक्रीच्या दराने. वसुलीची मुदत तिथेच लांबली. मग कपडे धुण्याचं मशीन, गीझर आणि पाण्याचा पंप टायमर लावून दुपारवर आणले, आणि सुचवली होती त्यापेक्षा लहान सिस्टीम घेतली. वापर वाढेल तसा दर चढत असेल, तर पहिला किलोवॉट सगळ्यात महागडी युनिटं वाचवतो; पुढच्या प्रत्येक किलोवॉटची बचत कमी कमी होत जाते. आम्हाला परवडलं, ते लहान घेतली म्हणूनच.

*

सावलीबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. आमच्याकडे पाहणीला आलेला माणूस भर दुपारी आला आणि छत एकदम मोकळं असल्याचं सांगून गेला. संध्याकाळकडे टाकीची सावली एका पॅनेलच्या खालच्या कडेवर येते, जेमतेम हातभर. ॲपमधला आलेख रोज त्याच वेळी खाली बसतो. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे खालची एक ओळ झाकली तरी अख्ख्या पॅनेलची वीज जाऊ शकते. बायपास डायोडमुळे (झाकलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारा पॅनेलमधला छोटा भाग) बाकीची पॅनेलं चालू राहतात एवढंच. सकाळी, दुपारी, संध्याकाळी छतावर स्वतः जाऊन फोटो काढून ठेवा, आणि जमलं तर सूर्य खाली असतो त्या दिवसांतही. शेजारच्या रिकाम्या जागेवर काय उभं राहणार आहे, याचीही चौकशी करा.

*

लाइट गेली की साधी ग्रिडला जोडलेली सिस्टीमही बंद पडते, ऊन कितीही असो. तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ती मुद्दामच तशी केलेली असते. विकताना हे फारसं कुणी सांगत नाही. आमच्या आईला ऑक्सिजनचं मशीन लागतं, म्हणून आम्ही हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, आणि लाइट गेल्यावर बॅटरीवरही चालणारा) आणि बॅटरी घेतली. बॅटरीचे पैसे वसूल होणार नाहीत, हे मी आधीच धरून चाललो होतो. रात्री लाइट गेली तरी मशीनचा आवाज थांबत नाही, माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. वीज क्वचितच जात असेल, तर निव्वळ हिशेबासाठी बॅटरी घेऊ नका.

*

आम्ही नको म्हटलं. छताचे पत्रे काही वर्षांत बदलावे लागणार आहेत. पॅनेल उतरवून पुन्हा चढवायची मजुरी धरली की गणित बसेना. आधी छत, मग सोलर.

*

आमची सिस्टीम जुनी आहे, 10 वर्षांच्या पुढे गेली. पॅनेलांची काही तक्रार नाही. उत्पादन वर्षाला साधारण अर्धा टक्का उतरतं आणि ते जाणवतही नाही. इन्व्हर्टर मात्र बदलावा लागला. तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा, कारण इन्व्हर्टर पॅनेलांइतका टिकत नाही. वॉरंटी 25 वर्षांची असली तरी ती कशाची, हे वाचा: उत्पादनाची वेगळी, वस्तूची वेगळी, बसवण्याच्या कामाची वेगळी. आम्हाला बसवून देणारी कंपनी बंद पडली, त्यामुळे कामाची वॉरंटी कागदावरच राहिली.

आणखी एक. कडक उन्हाळ्यात जास्तीत जास्त वीज मिळेल असं धरू नका. पॅनेलची क्षमता सेलचं तापमान 25 अंश धरून मोजतात, आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के घट येते. छतावर पॅनेल 60 अंशांपर्यंत सहज तापतं. आमच्याकडे सगळ्यात उंच आकडे येतात ते आकाश निरभ्र आणि हवा गार असते तेव्हा. धूळ पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आता विक्रेत्यांकडे वर्षाच्या सरासरीऐवजी महिन्यावार उत्पादन मागते, आणि ग्रिडला दिलेल्या युनिटाचा दर शून्य धरून एकदा हिशेब करायला सांगते. आमच्या छतावर एका बाजूला झाडाची सावली येते. तशा ठिकाणी कुणी मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनेलला वेगळा छोटा इन्व्हर्टर, लावलेत का? वाढीव खर्च भरून निघाला का?